वांगं वेशीवर, सरकी कढईत

फरसाणाच्या दुकानातली शेव कुठल्या तेलात तळली, हे आपण सहसा विचारत नाही. ती सरकीच्या तेलात तळलेली असेल, तर जनुक बदललेलं (जीएम) पीक आपल्या स्वयंपाकघरात कधीचंच शिरलं आहे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातली बहुतेक कपाशी बीटीच असते. जिनिंगमध्ये रुई एकीकडे जाते, सरकी दुसरीकडे. सरकीचं तेल कढईत, पेंड म्हशीच्या पुढ्यात.

आणि याच देशाने बीटी वांगं वेशीवर अडवलं! जालन्याच्या महिको कंपनीने ते तयार केलं, ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदीलही दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्या चांगल्याच तापल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला स्थगिती मिळाली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशाने मात्र तेच जनुक आपल्या वांग्यांत घेऊन २०१३ मध्ये लागवडीला मान्यता दिली.

वांग्यात घातलं काय होतं? ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा जिवाणू मातीत राहतो. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे बीटी. तो एक प्रथिन बनवतो आणि त्या प्रथिनाचं जनुक वांग्यात घातलं होतं. अळीने ते प्रथिन खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपलं जठर आम्लधर्मी, आणि ते ठरावीक रेणू आपल्या आतड्यात नाहीत. त्यामुळे आपल्या पोटात हे प्रथिन इतर प्रथिनांसारखंच पचून जातं. या जिवाणूची भुकटी सेंद्रिय शेतीवालेही फवारतात. शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. उलट सरकीत मुळातच गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि तेल शुद्ध करताना ते काढावं लागतं. ते तिथे निसर्गानेच घातलेलं आहे, कुठल्या प्रयोगशाळेने नाही.

वांगं पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच, पुन्हा पुन्हा फवारतो आणि त्यातलं काही भाजीबरोबर बाजारात येतं. एवढं एक कारण बीटी वांग्याच्या बाजूने मला पुरेसं वजनदार वाटतं.

म्हणून ताटात धोका नाहीच, असं नाही. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते वाढवायला एका अमेरिकी कंपनीने ब्राझील नटचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं. ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवाने या सोयाबीनलाही ओळखलं. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पण वाण त्याआधीच गुंडाळलं गेलं होतं. यातून दोन गोष्टी कळतात: जनुकाबरोबर ॲलर्जीही येऊ शकते, आणि चाचणी नीट केली तर ती सापडते. त्यामुळे सरसकट ‘जीएम सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कुठलं जनुक, कुठल्या पिकात, हे विचारायला हवं. बाजारात आलेल्या पिकांपुरतं बोलायचं, तर अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळले. ही पिकं नेहमीच्या पिकांपेक्षा आरोग्याला जास्त घातक असल्याचा पुरावा तिला सापडला नाही.

मला जास्त काळजी वाटते ती शेताची. कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो. त्या पिकांवर बीटी न चाखलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग विष पचवलेल्या पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी साधी कपाशी मुद्दाम लावावी लागते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बी त्यासाठीच मिळायचं. ते बांधावरही पडलं नाही. अळीला खाऊ घालायला पीक कोण लावणार? चार-पाच एकरवाल्याला दोष देणं मला तरी जमत नाही.

त्यात आपल्याकडे संकरित बियाणं. एका जनुकाच्या संकरित झाडाच्या बोंडात साधारण चौथा हिस्सा सरकी बीटीविनाच असते आणि गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकीच. एकाच बोंडात थोडं विष, थोडा खुराक, म्हणजे विष थोडंफार सोसणारी अळीही तगते! शिवाय पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक राखणं, आणि अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत घर. पहिल्या बीटीला दाद न देणारी अळी गुजरातेत असल्याचं २०१० मध्ये हे बियाणं आणणाऱ्या कंपनीनेच मान्य केलं. दोन जनुकांचं बीटी २००६ पासून बाजारात होतंच. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात त्याच्याही फुलांच्या डोमकळ्या झाल्या, म्हणजे आत अळी असलेल्या, न उमललेल्या कळ्या. त्याच वर्षी यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारण्या केवळ बोंडअळीसाठी नव्हत्या, पण फवारणी थांबवणारं म्हणून आलेलं बियाणं ती थांबवू शकलं नव्हतं.

अमेरिकेने याच अळीचं २०१८ मध्ये निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. हत्यार तेच, बीटी कपाशी. पण ॲरिझोनात सुरुवातीला साधी कपाशी शिस्तीने लावली गेली. पुढे तिच्या जागी विमानातून वांझ पतंग सोडले गेले, अगदी कोट्यवधींनी.

वांगं पोखरणारी अळीही मुख्यत्वे वांग्यावरच जगते, गुलाबी बोंडअळी कपाशीवर जगते तशी. स्थगिती उद्या उठली, तर दहा गुंठ्यांतल्या वांग्यात अळीसाठी दोन सऱ्या साधी वांगी सोडा, हे शेतकऱ्याला सांगायला कोण जाणार आहे, आणि त्या सऱ्यांचे पैसे त्याला कोण देणार आहे?