टोमॅटोचे पहिले तीस दिवस

ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य आहे, तेथे रश्श्याला दाटपणा आणि आंबटगोड चव देण्याचे काम बहुधा टोमॅटोकडेच येते. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत त्याचा भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा अशा स्वयंपाकघरांना त्याची झळ विशेष जाणवली. गच्चीत वा सज्ज्यात चार कुंड्या ठेवण्याची कल्पना त्या वेळी अनेकांच्या मनात आली असेल. परंतु हे झाड लावण्यापूर्वी जैन गृहिणीच्या मनात एक रास्त शंका येते : कीड पडली तर करायचे काय? औषध फवारून जीव मारायचे, की झाड सोडून द्यायचे? या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर रोप कुंडीत जाण्याआधीच्या तीस दिवसांत दडलेले आहे.

भाद्रपदातील पर्वाचे दिवस आटोपले की बी पेरावे. पाऊस ओसरतो, आणि झाड फुलोऱ्यावर येईपर्यंत रात्री थंड होऊ लागतात. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असताना फळधारणा उत्तम होते. दिवसाचा पारा ३५ अंशांपलीकडे गेला की फुले गळतात. भाजीतल्या टोमॅटोचे बी पेरण्याचा मोह आवरावा. बाजारातील फळ बहुधा संकरित वाणाचे असते आणि त्याची पुढची पिढी तशीच निघेल याचा भरवसा नसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे वाण आपल्या हवेत रुळलेले आहेत. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक संकरित असला, तरी तीन प्रमुख रोगांना तोंड देतो. बी मात्र दरवेळी नवे आणावे लागते.

काथ्याचा भुसा व गांडूळखत मिसळून पसरट डब्यात भरावे, तळाला भोके पाडावीत आणि बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे. आठवडाभरात अंकुर दिसतात. तेव्हापासून रोपांना भरपूर ऊन हवे. खिडकीतल्या अर्ध्या उजेडात रोप उंच वाढले की घरात त्याचे कौतुक होते; वस्तुतः ते बिचारे उजेडासाठी धडपडत असते. पाणीही बेताने द्यावे. माती सतत चिंब राहिली तर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

आता कीटकांविषयी. टोमॅटोची पाने वळून आकसण्याचा जो विषाणुजन्य रोग आहे, तो पांढरी माशी पसरवते, आणि कोवळेपणी लागण झाली तर झाड पुढे फारसे फळत नाही. त्यावर औषध नाही. फवारणीने मरते ती माशी, रोग बरा होत नाही. म्हणून पेरणीच्या दिवशीच डब्यावर चार काड्या उभारून बारीक विणीची नायलॉनची जाळी सर्व बाजूंनी बंद करावी. माशी आत येत नाही, तिला मारावेही लागत नाही. पिवळ्या चिकट सापळ्यांपेक्षा हा उपाय आपल्या घराला अधिक शोभतो आणि, माझ्या मते, चार कुंड्यांसाठी तो पुरेसाही आहे.

पंचवीस-तीस दिवसांनी चार-पाच खरी पाने आली की लावणीची वेळ झाली. त्याआधीचा आठवडा पाणी किंचित कमी करावे आणि मोकळ्या हवेची सवय लावावी. कुंडी निदान बारा इंच रुंद व तेवढीच खोल घ्यावी. एका कुंडीत एकच झाड. टोमॅटो वांग्या-मिरचीच्याच कुळातला (आपल्या आज्या त्याला वेलवांगे म्हणत ते उगीच नव्हे), म्हणून त्या भाज्या निघालेली माती पुन्हा वापरू नये; रोग मातीतून येतात. लावणी संध्याकाळी करावी. खालची पाने खुडून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडावे. इतर रोपांना हे मानवत नाही, पण टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि झाड भक्कम होते. लांबोडके झालेले रोप तिरपे आडवे पुरले तरी चालते. आधाराची काठी त्याच वेळी रोवावी. मागाहून रोवली तर मुळे दुखावतात. दोन-तीन दिवस सावली द्यावी.

पुढे फार काही नाही. फळाचे बूड काळे पडू लागले तर अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो आपल्या घरी निरुपयोगी, आणि त्याची गरजही नाही : पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही, असे झाल्याने फळाला चुना पोहोचत नाही. पाणी नियमित करावे, एवढेच. वरच्या मजल्यांवर वारा-मधमाश्या कमी असतील तर सकाळी फुलांचा घोस हलकेच टिचकीने हलवावा; परागण त्याच फुलात होते.

लावणीपासून साठ-सत्तर दिवसांनी पहिली फळे रंग धरू लागतात. रंग फिरू लागला की तोडून टोपलीत ठेवली तरी ती घरात उत्तम पिकतात. शीतकपाटात मात्र ठेवू नयेत. थंडीने त्यांचा वास आणि चव दोन्ही उणावतात.