वादळाचा नकाशा वाचताना



मे महिना अर्धा सरला की मस्कतमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे भारतात जायच्या तिकिटांची शोधाशोध, आणि दुसरी म्हणजे मोबाईलवर फिरणारे वादळाचे नकाशे. नकाशावर एक रेघ, तिच्याभोवती पुढे पुढे फुगत जाणारा पट्टा आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, "रेघ मस्कतवरून जात नाहीये, काळजी नको." हा निष्कर्ष काढायची घाई का करू नये, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. मी हवामानतज्ज्ञ नाही, दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारा माणूस आहे. पण माझी मावशी दिवेआगरला आणि मी इथे, म्हणजे एकाच समुद्राच्या दोन काठांवर आम्ही राहतो. त्यामुळे हा विषय आपोआपच जवळचा झाला.

आधी थोडं शास्त्र. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राचं गरम पाणी. पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असावं लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही, तर चांगलं ५० मीटर खोलीपर्यंत. या पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने आणखी हवा वर खेचली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे या हवेला गिरकी मिळते (विषुववृत्ताच्या अगदी जवळ ही गिरकी मिळत नाही, म्हणून तिथे चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत). मात्र वरच्या थरातले आणि खालच्या थरातले वारे फार वेगवेगळ्या दिशांना वाहत असतील, तर हा उभा खांब तिरका होऊन मोडतो. भर पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रावर नेमकं हेच होतं. खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे आणि वर पूर्वेचे! म्हणून आपला वादळांचा काळ पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असा दोन तुकड्यांत येतो.

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा वादळं कमी, हे आपण शाळेत शिकलो आणि ते अजूनही खरं आहे. पण हा समुद्र आता तापतो आहे. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार गेल्या चार दशकांत इथल्या चक्रीवादळांची संख्याही वाढली आणि ती टिकण्याचा काळही. २०२३ च्या जूनमधलं बिपरजॉय आठवतंय ना? ते तब्बल नऊ-दहा दिवस समुद्रात रेंगाळलं आणि मग गुजरातमध्ये जखाऊजवळ धडकलं. सुरुवातीला वेगवेगळी मॉडेल्स त्याला वेगवेगळ्या देशांत नेऊन सोडत होती.

असं का होतं? मॉडेल म्हणजे शेवटी एक प्रचंड मोठा प्रोग्राम. आत्ताचा दाब, तापमान, वारा, बाष्प हे इनपुट द्यायचं आणि पुढची स्थिती काढायची. पण समुद्रावर वेधशाळा कुठून आणणार? तिथे उपग्रह, काही तरंगते बोये आणि येणारी-जाणारी जहाजं यांच्यावरच भिस्त. अमेरिकेत वादळात विमान घालून मोजमाप करतात, तशी नियमित सोय आपल्याकडे नाही. वादळाचा जोरसुद्धा बहुतेक वेळा उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून ठरवला जातो. म्हणजे इनपुटमध्येच थोडी चूक असते आणि प्रत्येक पायरीला ती वाढत जाते. यावर उपाय म्हणून तोच प्रोग्राम अनेकदा चालवतात, दर वेळी इनपुट किंचित बदलून. युरोपियन केंद्राचं मॉडेल असं ५० वेळा चालतं. पन्नासही उत्तरं एकत्र राहिली तर भरवसा जास्त, पंख्यासारखी पसरली तर कमी. तुम्हाला आलेल्या नकाशावर एकच रेघ असेल, तर बाकीच्या रेघा काय म्हणत होत्या हे आधी पाहावं.

आता त्या फुगत जाणाऱ्या पट्ट्याबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की तो वादळाचा आकार आहे. तसं नाही. वादळाचं *केंद्र* कुठे असू शकेल, एवढंच तो पट्टा सांगतो, आणि त्याची रुंदी मागच्या काही वर्षांच्या अंदाजांत सरासरी किती चूक झाली त्यावरून काढतात. वारा आणि पाऊस पट्ट्याच्या बाहेरही भरपूर असतो. शिवाय केंद्र पट्ट्याच्या आतच राहील याचीही हमी नसते.

चोवीस तास आधीच्या अंदाजात केंद्राची सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. वीस वर्षांपूर्वीच्या मानाने ही फार मोठी प्रगती. पण शंभर किलोमीटर म्हणजे किती? ३ जून २०२० रोजी सगळं जग निसर्ग वादळ मुंबईला धडकणार म्हणून टीव्ही लावून बसलं होतं. ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं. मुंबईपासूनचं हवाई अंतर शंभरच्या आत! मुंबईकरांनी "काही झालंच नाही" म्हटलं आणि तिकडे श्रीवर्धन, म्हसळा, दापोली भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर हाती उत्पन्न यायला काही वर्षं जातात. मावशीच्या वाडीचं नुकसान वाऱ्याच्या काही तासांचं, पण भरपाई मात्र वर्षांच्या हिशेबाने.

रेघ किनाऱ्याला लागलीच नाही तरी काय होतं, ते १७ मे २०२१ ला तौक्तेने दाखवलं. त्याचं केंद्र मुंबईपासून शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेकडून, समुद्रातूनच, उत्तरेला गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेले. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे ते ज्या दिशेला सरकतं तिच्या उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, जशी चालत्या गाडीत इंजिनाकडे चालणाऱ्या माणसाची होते. तौक्ते उत्तरेला जात होतं, म्हणजे त्याची उजवी बाजू महाराष्ट्राकडे होती. त्याच दिवशी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती आणि साठहून अधिक परत आली नाहीत. वादळाच्या सूचना काही दिवस आधीच निघालेल्या होत्या.

आपल्या ओमानमध्ये मात्र वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती जास्त. जून २००७ मधलं गोनू समुद्रात सुपर सायक्लोन होतं, पण रास अल हद्दला पोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरला होता. अरबस्तानातली कोरडी हवा आत शिरली की वादळाची धार जाते. नकाशावर आकडे उतरताना बघून एखाद्याला हायसं वाटलं असतं. पण हजर पर्वतावर पडलेला पाऊस वाद्यांमधून मस्कतमध्ये उतरला, कुरुम भाग पाण्याखाली गेला आणि ओमानमध्ये सुमारे ५० माणसं दगावली. खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद पडल्याने सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही अवस्था जुनी मंडळी अजून सांगतात. (मावशीला फोनवर "वादीला पूर आला" म्हटलं की तिला "वाडीला" ऐकू येतं आणि ती विचारते, किती झाडं गेली रे?)

मे २०१८ मध्ये मेकुनूने सलालाहला एका दिवसात सुमारे २७८ मिलिमीटर पाऊस दिला, तिथल्या वर्षभराच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. त्याच पावसाने रब अल खाली वाळवंटात तळी साचली आणि टोळांची पैदास झाली. पिढ्यामागून पिढ्या वाढत गेलेल्या या टोळांच्या संकटाची झळ मे २०२० मध्ये पार विदर्भापर्यंत पोचली.

उलटा प्रवासही होतो. सप्टेंबर २०२१ अखेर बंगालच्या उपसागरातून आंध्रात शिरलेल्या गुलाब वादळाने मराठवाडा-विदर्भात शेतं बुडवली. त्याचे अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले आणि शाहीन या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला बातिना किनाऱ्यावर आले. खाबुरात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. जमिनीवर विरलेलं वादळ नव्याने उभं राहिलं, म्हणून नाव नवं. यादीत गुलाब हे पाकिस्तानने दिलेलं नाव, तर शाहीन कतारचं.

समुद्राच्या अंदाजात लाटांची उंची दिलेली असते, तिच्याबद्दलही एक सांगायला हवं. तो आकडा म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे, तर सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. तीन मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी जवळजवळ सहा मीटरची येऊ शकते. आणि लांबून निघालेल्या लाटा इथे ऊन पडलेलं असताना, वारा नसतानाही पोचतात. जुलै २०२२ मध्ये सलालाहजवळ मुघसैलला कठडा ओलांडून पुढे गेलेले आठ जण एका लाटेने ओढले गेले. त्यातल्या तिघांनाच तेव्हा वाचवता आलं. खरीफ बघायला जाणाऱ्यांनी मुलांचे हात घट्ट धरावेत आणि फोटोसाठी कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये.

शेवटी आकड्यांच्या गोंधळाबद्दल. एका साईटवर ताशी २४० आणि दुसरीवर २७० दिसलं, तर कोणी खोटं बोलत नसतं. भारतीय हवामान खातं तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी घेतं आणि अमेरिकन केंद्र एका मिनिटाची, म्हणून त्यांचा आकडा मोठा. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा. भारतीय वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ आणि २२२ पासून सुपर सायक्लोन. वेळ यूटीसीमध्ये असते. १२ यूटीसी म्हणजे मस्कतचे दुपारचे चार आणि भारतातले साडेपाच. नकाशा पुढे पाठवण्याआधी त्यावरची ही वेळ बघा, कारण फिरत आलेला नकाशा बहुधा कालचा असतो. उत्तर हिंदी महासागराचं अधिकृत पत्रक दिल्लीहून निघतं, तर वाद्या, रस्ते आणि शाळा यांच्याबद्दल आपल्याला लागू होतो तो ओमानच्या हवामान खात्याचा आणि नागरी संरक्षण दलाचा इशारा.