धातूंचा थकवा

लोखंडी तार तोडायची आहे आणि जवळ पक्कड नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? तार एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकवता. एकदा वाकवल्याने ती तुटत नाही. पण पुन्हा पुन्हा वाकवली, की तुटते.

यंत्रांचे भागही असेच तुटू शकतात. एका वेळी पडणारा ताण थोडाच असतो, पण तो हजारो किंवा लाखो वेळा पडतो. यालाच 'धातूचा थकवा' म्हणतात. माणसाचा थकवा विश्रांतीने जातो, धातूचा मात्र जात नाही.

असे का होते? धातू लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो. वारंवार ताण पडला, की स्फटिकांतील थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून किंचित सरकतात. त्यामुळे पृष्ठभागावर एक सूक्ष्म तडा जातो. ओरखडा, छिद्र किंवा कोपरा असेल तेथे ताण एकवटतो, म्हणून तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. प्रत्येक ताणाबरोबर तो थोडा पुढे जातो. शेवटी उरलेल्या भागाला भार पेलवत नाही आणि तो एकाएकी तुटतो.

१९५२ मध्ये ब्रिटनचे 'कॉमेट' हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान सेवेत आले. १९५४ मध्ये अशी दोन विमाने इटलीजवळच्या समुद्रावर आकाशातच फुटली. ५६ माणसे मृत्युमुखी पडली. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानात हवेचा दाब वाढवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड किंचित फुगते व उतरल्यावर पूर्ववत होते. शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचे धड पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवले आणि आतील दाब पुन्हा पुन्हा कमी-जास्त केला. त्याची पूर्वीची उड्डाणे धरून सुमारे ३,००० फेऱ्या झाल्यावर ते एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटले. कारण सापडले! पुढच्या कॉमेट विमानांचा पत्रा जाड करण्यात आला व खिडक्या गोलाकार केल्या गेल्या.

तडा लहान असतो तेव्हा डोळ्यांना दिसत नाही. आपल्या रेल्वेत रुळांच्या आतील तडे श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने शोधतात. रुळांवरून हळूहळू तपासणीची ढकलगाडी नेणारे कर्मचारी तुम्हांला दिसले, तर लक्षात ठेवा: ते एक लहानसा तडा शोधत असतील. तो वेळीच सापडला, तर अनेकांचे प्राण वाचतात.