१०० एमबीपीएसचं नेट घेतलं, तरी फाइल जायला रात्र का लागते?

लग्नाच्या शूटिंगचं काम सुरू करताय? दुकानात सीसीटीव्ही बसवायचाय? घरून ऑनलाइन क्लास घ्यायचा विचार आहे? धंदा कुठलाही असो, नेट आणि स्टोरेज हा खर्च आता ठरलेला आहे. दहा रुपयांची कोथिंबीर घेताना आपण जुडी उलटसुलट करून बघतो. पण नेटचा प्लॅन घेताना मात्र समोरचा सांगेल तो आकडा ऐकतो आणि पैसे भरतो. आज हा आकडा वाचायला शिकूया. गणित फक्त भागाकाराचं आहे, घाबरू नका.

बिट वेगळा, बाइट वेगळा

डेटाचं सगळ्यात लहान माप म्हणजे बिट. असे ८ बिट मिळून १ बाइट होतो. इंग्रजीतलं एक अक्षर साधारण १ बाइट जागा घेतं. आपल्या देवनागरीतला नुसता 'क' यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतो. पुढची शिडी सोपी आहे: १००० बाइट म्हणजे १ किलोबाइट, १००० किलोबाइट म्हणजे १ मेगाबाइट, मग गिगाबाइट, मग टेराबाइट. प्रत्येक पायरीला हजारपट.

आता खरी गोम बघा. फाइल मोजतात बाइटमध्ये आणि नेटचा स्पीड मोजतात बिटमध्ये. इंग्रजीत लिहिताना बाइटसाठी कॅपिटल बी असतो आणि बिटसाठी लहान बी. बोलताना दोन्ही 'एमबी'च! म्हणून १०० एमबीपीएस ऐकलं की वाटतं, सेकंदाला १०० एमबीची फाइल जाणार. तसं नसतं. ते १०० मेगाबिट असतात. त्याला ८ ने भागा. उत्तर येतं १२.५ मेगाबाइट.

पार्टीला शब्द देण्याआधी हिशोब

समजा, लग्नाचं फुटेज ४० जीबी आहे आणि ते पार्टीला क्लाउडवरून पाठवायचंय. ४० जीबी म्हणजे ४०,००० मेगाबाइट. ८ ने गुणलं की ३,२०,००० मेगाबिट.

- अपलोड स्पीड १०० एमबीपीएस असेल तर ३,२०० सेकंद, म्हणजे साधारण ५३ मिनिटं.
- अपलोड स्पीड १० एमबीपीएस असेल तर ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ तास!

हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात वायफाय, घरातले बाकीचे मोबाइल आणि समोरचा सर्व्हर यांमुळे वेळ वाढतो, म्हणून थोडा जास्तच धरा.

बऱ्याच प्लॅनमध्ये मोठ्या अक्षरात दिसतो तो डाउनलोडचा आकडा. अपलोड त्याहून कमी असू शकतो. सिनेमा बघणाऱ्याला डाउनलोड लागतो, पण फाइल पाठवणाऱ्याला आणि लाइव्ह क्लास घेणाऱ्याला अपलोड लागतो. तुम्ही "संध्याकाळपर्यंत पाठवतो" म्हणालात आणि फाइल पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी, तर पार्टी नेट कंपनीला नाही, तुम्हालाच नावं ठेवणार.

अशा वेळी जुना उपायही चालतो. पुण्याहून साताऱ्याला एसटीने निघालेला माणूस खिशातली हार्ड डिस्क साधारण तीन तासांत पोचवतो. १० एमबीपीएसपेक्षा हे कितीतरी फास्ट झालं!

'अनलिमिटेड'चा अर्थ विचारा

प्लॅनमध्ये एफयूपी नावाची मर्यादा असू शकते. ठरावीक जीबी संपले की नेट बंद पडत नाही, पण स्पीड उतरतो. तो २ एमबीपीएसवर आला, तर वरचीच ४० जीबीची फाइल जायला ४४ तासांहून जास्त लागतील. सीझनमध्ये हे परवडणार आहे का?

१ टीबीची डिस्क, दिसते ९३१ जीबी

नवीन १ टीबीची डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली की साधारण ९३१ जीबी दिसते. लगेच दुकानदाराशी भांडू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. वस्तू तीच, माप वेगळं. जागा चोरीला गेलेली नाही.

सीसीटीव्हीला किती मोठी डिस्क?

एक कॅमेरा २ एमबीपीएसने सतत रेकॉर्डिंग करतो असं धरा. २ भागिले ८ म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका दिवसाचे झाले २१.६ जीबी. चार कॅमेरे असतील तर रोज ८६.४ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. त्यानंतर सहसा जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावरच नवीन चढतं. गल्ल्यातली चोरी पंधरा दिवसांनी लक्षात आली, तर पुरावा गेलेला असेल. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर साधारण २.६ टीबी लागतात, म्हणजे ४ टीबीची डिस्क घ्या. बसवणाऱ्याला आधीच विचारा: एका कॅमेऱ्याचा बिटरेट किती आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहील?

प्लॅन घेताना हे तीन प्रश्न

१. अपलोड स्पीड किती?
२. एफयूपी किती जीबीला, आणि त्यानंतर स्पीड किती?
३. हा स्पीड तारेवरचा की वायफायवरचा?

आजचा होमवर्क: मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. डाउनलोड आणि अपलोड हे दोन्ही आकडे ८ ने भागून एका कागदावर लिहा आणि तो कागद टेबलाजवळ चिकटवा. पुढची ऑर्डर घेताना आधी त्या कागदाकडे बघा, मगच तारीख द्या. धंद्यात भांडवल कमी असलं तरी चालतं, पण दिलेला शब्द मोडून चालत नाही.