भंगारात जाताना वानगी घेऊन जा!

जुन्या जपानी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग : काय शोधावं, काय सोडावं

शेतकरी बंधूंनो, मंगरूळपीरच्या बाजारात सोयाबीन न्यायच्या आधी आपण काय करतो? मूठभर दाणे पुडीत बांधतो, दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवतो, भाव विचारतो. यालाच आपण वानगी म्हणतो. वानगी पाहिल्याशिवाय व्यापारी भाव सांगत नाही, अन् आपणही पुढे सरकत नाही. पण तोच गडी गाडीचा पार्ट आणायला अकोल्याला किंवा नागपूरला कबाडीकडे गेला, की नुसतं तोंडाने सांगतो, "मारुतीचं हेड पाहिजे." कोणत्या सालची, कोणतं इंजिन, काही सांगता येत नाही. कबाडी ढिगातून एक काढून देतो. घरी आणल्यावर ते बसत नाही. पैसे गेले, दिवस गेला, एसटीचं भाडं वेगळंच.

कृषी खात्याच्या माणसाने गाड्यांवर कशाला लिहावं, असं कोणी म्हणेल. कारण साधं आहे. शेलूबाजारच्या आसपास कोणत्याही गावात जा, गोठ्याशेजारी किंवा निंबाखाली एखादी जुनी ओम्नी, मारुती ८०० नाहीतर आयशर उभी दिसतेच. दुधाच्या कॅन, भाजीची पोती, खताच्या गोण्या, अडल्या वेळी दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं या गाड्यांनी वाहिलं. अशी गाडी नेमकी पेरणीच्या तोंडावर बंद पडते. मग बियाण्या-खतासाठी ठेवलेला पैसा तिच्यात जातो. तो चुकीच्या पार्टात जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

या गाड्या जपानी कशा?

मारुती ही आपल्याला घरचीच वाटते. पण तिचं इंजिन आणि आराखडा जपानच्या सुझुकी कंपनीचा. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली. मालक वारल्यावर ती गाडी दारात गंजत पडली होती. पुढे तिची डागडुजी होऊन २०२२ मध्ये ती कंपनीच्या मुख्यालयात मानाने उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये ८०० चं उत्पादन थांबलं, २०१९ मध्ये ओम्नीचं. म्हणजे आपल्याकडे जी ८०० उभी आहे, ती आता नव्याने निघणार नाही.

छोट्या ट्रकांचंही तसंच. १९८० च्या दशकात हलक्या ट्रकांसाठी चार जपानी कंपन्या भागीदारीने भारतात आल्या. पंजाबात स्वराज माझदा, मध्य प्रदेशात पीथमपूरला आयशर मित्सुबिशी, उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम टोयोटा आणि तेव्हाच्या आंध्रात जहीराबादला ऑल्विन निसान. आज आपण कोणत्याही मधल्या ट्रकला सरसकट 'आयशर' म्हणतो, ते नाव तिथून रुळलं.

आणि यांच्याही आधीची एक जपानी गाडी म्हणजे जोंगा. निसान पेट्रोल या जीपगाडीच्या आराखड्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत ती लष्करासाठी बनली. सहा सिलिंडरचं, ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या आणि त्यातल्या काही अजून रस्त्यावर आहेत.

पार्ट मिळेनासे का झाले?

हे समजून घेतलं तर पुढच्या खरेदीतही फायदा होतो. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी चलनाचा करार केला. त्यानंतर जपानचं येन झपाट्याने महाग झालं. ज्या गाड्यांचे भाग जपानमधून पेट्यांत भरून येत, त्यांचा खर्च वाढला. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, ती इथल्याच मालावर बनलेली. तिच्यापुढे महागड्या आयात भागांच्या गाड्या टिकेनात. ऑल्विन निसान महिंद्राकडे गेली. डीसीएम टोयोटाची मालकी पुढे कोरियाच्या देवू कंपनीकडे गेली आणि काही वर्षांत देवूचंही भारतातलं काम बंद पडलं. ज्यांनी भाग इथेच बनवून घेतले, ती आयशर टिकली.

यातून काय घ्यायचं? गाडी कितीही चांगली असो, तिचा पार्ट जवळ मिळत नसेल तर ती पांढरा हत्ती. पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर घेतानाही हाच प्रश्न आधी विचारा. व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या तंत्राने टिलर आणले, ते आजवर टिकले ते भाग इथे बनू लागल्यामुळेच. दुकानदार अवजाराचे गुण सांगेल, तुम्ही विचारा, "क्लच प्लेट वाशीमला मिळते का? नाही तर किती दिवसांत येते?"

नाव नको, नंबर सांगा

आता मुद्द्याची गोष्ट. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये आणि जुन्या ओम्नीत एकच इंजिन होतं. त्याला एफ८बी म्हणतात. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. त्यामुळे ८०० साठी पिस्टन, रिंगा, क्रँक हवी असेल तर ओम्नीच्या ढिगातही शोधा. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि ते "८०० चं नाही" ऐकून परत येतात.

पण गिअरबॉक्सला हा नियम लावू नका! ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. ओम्नीत इंजिन सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतात. त्यामुळे गिअरबॉक्स एकमेकांना लागत नाही.

तसंच जुन्या जिप्सीचं. तिचं ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन याच घराण्यातलं. पिस्टनची धाव दोन्हींत ७२ मिलिमीटरच. पण एफ८बीचा बोअर ६८.५ मिलिमीटर, आणि जिप्सीचा ६५.५. डोळ्यांना दोन्ही पिस्टन सारखेच दिसतात. तीन मिलिमीटरचा फरक हाताला कळत नाही, तो व्हर्नियरलाच कळतो. एकाच कपाशीच्या दोन वाणांचं बी जसं दिसायला सारखं, तसंच हे. पाकिटावरचं लेबल वाचल्याशिवाय ओळखू येत नाही.

म्हणून निघण्याआधी ही तयारी करा :

१) जुना पार्ट पुसून पिशवीत घ्या. हीच तुमची वानगी.

२) त्यावर कोरलेला किंवा ओतीव नंबर वहीत लिहा. नंबर गंजला असेल तर रॉकेल किंवा डिझेलने पुसून खडू फिरवा, उठून दिसतो.

३) गाडीचं साल, इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीवरून उतरवून घ्या. २००० सालच्या सुमारास ८०० ला कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय इंजिन आलं, त्यामुळे साल फार महत्त्वाचं.

४) मोबाइलमध्ये पार्टचा चारही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून.

हाताने तपासा

भंगारातल्या मालाला गॅरंटी नाही. तपासणी हीच गॅरंटी. हेड घेताना त्यावर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरपी ठेवा. खालून उजेड दिसला तर हेड वाकलेलं आहे. प्लग लावून हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये थोडं रॉकेल ओता. पाच-दहा मिनिटांत पोर्टातून थेंब गळाले, तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, भाव कमी करा. क्रँकच्या जर्नलवर नख फिरवा, अडकलं तर लेथचा खर्च धरा. गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलं. आत उरलेलं ऑइल बोटावर घ्या, चमकणारा चुरा दिसला तर तो गिअरच्या दात्यांचा.

दरवाजा, बॉनेट, पत्रा घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. लांबी भरलेल्या जागी चुंबक चिकटत नाही. वरून रंग चकाचक अन् आत लांबी, असा पत्रा दोन पावसाळ्यांत फुगतो.

हे मात्र भंगारातून घेऊ नका

इथे काटकसर नको. ब्रेकचे होस, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरच्या रबरा, ब्रेक शू, स्टिअरिंगचे टायरॉड एंड, बॉल जॉइंट, सीटबेल्ट आणि टायर, हे सगळं नवंच घ्या. रबर वापरलं नाही तरी उन्हाने मरतं. वरून धड दिसतं, अन् जोरात पाय दाबला की फुटतं. शेलूबाजारजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. पांदण रस्त्यावर तीसच्या वेगाने चालणाऱ्या गाडीचे ब्रेक अन् त्या महामार्गावरचे ब्रेक, यात जिवाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट गॅसची. जुन्या ओम्नीत भंगारातली गॅस किट आणि घरगुती सिलिंडर लावायचा मोह होतो. तो गुन्हाही आहे अन् बॉम्बही. पोरंबाळं त्याच गाडीत मागे बसतात, हे विसरू नका.

कागद घ्या, नाहीतर चोर ठराल

उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या गाड्यांच्या पार्टसाठी देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तोडून विकल्या जातात म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद केला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला हातात पावती लागते.

लहान पार्टची साधी पावती घ्या. इंजिन किंवा चेसिस घेताना मात्र तेवढ्यावर भागत नाही. ज्या गाडीतून तो काढला तिचा नंबर, आरसीची प्रत आणि विकणाऱ्याची सही हवीच. नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ पाठ फिरवा, भाव कितीही कमी असो. आणि इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आपल्या भागातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना अजून अकोल्याचा एमएच ३० नंबर आहे. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाल्यावर एमएच ३७ आला. नोंद राहिली नाही, तर अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

हौस की गरज?

पोट्ट्यांना सध्या जुन्या गाड्यांचं वेड आहे. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये संपलं, तरी तिचा फाटका सायलेन्सरही लोक जपून ठेवतात. जोंगा, जुनी जिप्सी यांचंही तेच. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेचा पैसा कोणत्या खिशातून येतो ते बघा. पीककर्जाच्या पैशातून इंजिन आणू नका.

खर्चाचा हिशेब आधीच मांडा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या गाडीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये हे शुल्क वाढवलं, मोटारीला १०,००० रुपये आणि मोटारसायकलला २,००० रुपये. त्यात पार्ट, लेथ, मिस्त्रीची मजुरी मिळवा. मग ही गाडी वर्षाला किती दिवस कामाला येते ते लिहा. दूध रोज जात असेल तर दुरुस्ती परवडते. लग्नसराईत दोनदा निघत असेल तर नाही.

५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची वेगळी विंटेज नोंदणी आहे. पण ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे ती शोभेची, दुधाच्या कॅनची नाही.

गाडी मोडायचीच ठरली तर कबाड्याला तशीच देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट नावाचा दाखला घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नावावरची गाडी उद्या कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

शेवटी एक विनंती. कोणतं हेड कशाला लागतं, कोणता गिअर कुठे बसतो, हे गावोगावच्या जुन्या मिस्त्र्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. ते हात आता थकले. ज्या घरात गाडी आहे, त्या घरातल्या एका पोराने किंवा पोरीने मिस्त्रीजवळ बसून हे नंबर वहीत उतरवावेत. बियाण्याची पावती जशी हंगाम संपेपर्यंत जपता, तशी ही वही गाडी असेपर्यंत जपा. पुढच्या वेळी कबाडीच्या ढिगापुढे उभे राहाल, तेव्हा ती वही आणि पिशवीतली वानगी, दोन्ही सोबत असू द्या.