शंभर एकरांवर अठ्ठावीस कोटी लिटर

तुळजापुरात आपसिंगा रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९८६ साली सुरू झालेला, सुमारे १०० एकरांचा. असा परिसर पर्यावरणाला न ओरबाडता कसा चालवायचा, हा विषय निघाला की आधी सौरऊर्जा आणि वृक्षारोपण आठवतं. बालाघाटच्या या अवर्षणप्रवण टापूत मला मात्र पहिल्यांदा पावसाचा हिशेब मांडावासा वाटतो. तो थक्क करणारा आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर १०० एकरांवर २८ कोटी लिटर पाणी पडतं! आता समजा, आवारात ५०० माणसं राहतात आणि प्रत्येकाला दिवसाला १३५ लिटर लागतं. वर्षाची गरज झाली अडीच कोटी लिटर. पडलेल्या पाण्याच्या अकराव्या हिश्श्याइतकी. मग या भागात उन्हाळ्यात टँकर का फिरतात?

त्याचं उत्तर पायांखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते राहतं भेगांत आणि मुरमात, आणि तिथेही विहिरीला मिळण्याजोगं पाणी शंभर भागांत जेमतेम दोन भाग. नदीकाठच्या वाळूत हेच प्रमाण वीसच्या आसपास असतं.

खरी नवलाई पुढेच आहे. पावसाचा दहावा भाग, म्हणजे ७० मिलिमीटर पाणी, जमिनीत मुरलं असं धरू. वाळूत त्याने पातळी वाढेल ३५ सेंटिमीटर. तुळजापूरच्या मुरमात ती वाढेल साडेतीन मीटर! खडकात जागाच इतकी कमी की थोडं पाणीही विहिरीला चांगलंच वर आणतं. पण उपशाचंही तसंच. त्या ५०० माणसांचं पाणी याच १०० एकरांखालून काढलं, तर पातळी तीन मीटर उतरते. शिवाय झाडांच्या मुळांना आणि शेजारच्या शेतातल्या विहिरींनाही हेच पाणी हवं असतं. कुंपण जमिनीच्या वर असतं, खाली नाही.

म्हणून इथे प्रत्येक लिटरला वजन आहे. एक एकर हिरवळ उन्हाळ्यात राखायची तर चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी लागतात. हे झाले वीस हजार लिटर, दीडशे माणसांचं पाणी. अशी हिरवळ तुळजापुरात लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे लिंब, बोर, आपटा शोभतात. एकदा रुजले की ते फारसं पाणी मागत नाहीत. न्हाणीघरांचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना दिलं, तर तेवढा उपसा वाचतो. उतारावर समतल चर खणले, तर धावणारं पाणी थबकतं आणि मुरतं. याच तालुक्यात नळदुर्गाला १६१३ साली बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी अडवण्याची समज या मातीत जुनीच आहे.

यातलं किती साधलं, हे कळायला महागडी यंत्रं लागत नाहीत. विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी ऑक्टोबरात मोजायची आणि पुन्हा मे महिन्यात. हे आकडे वर्षानुवर्षं एकाच वहीत लिहीत गेलं, की परिसर आपल्या पावसावर जगतो आहे की शेजाऱ्यांच्या, ते विद्यार्थ्यांना स्वतः वाचता येतं.