आभा नंबर काढला? तरी जुने कागद टाकू नका!

पेशंटला घेऊन सिव्हिलला गेलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधीचे कागद आणलेत का?" आणि कागद नेमके घरी, पेटीत. मग रक्त पुन्हा तपासा, सोनोग्राफी पुन्हा करा. गोळी कोणती चालू होती, तर "ती पांढरी, बारीक" एवढंच सांगता येतं. बीपी-शुगरच्या पेशंटला ही पंचाईत महागात पडू शकते.

ही अडचण दूर व्हावी म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यातलाच हा १४ अंकी आभा नंबर. तो फुकट निघतो. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की काम झालं. जुनं सिम बंद पडलं असेल तर मात्र आधी आधार केंद्रात जाऊन मोबाईल नंबर बदलून घ्या. आपल्याकडे बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

एक गल्लत हमखास होते. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे. आभा दाखवून बिल माफ होत नाही. ती फक्त तुमच्या आजारपणाच्या नोंदींची ओळख आहे.

मग फायदा काय? पहिला लगेच दिसतो, तो केसपेपरच्या रांगेत. ही सोय असलेल्या दवाखान्यात खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. आभा ॲपमधून तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता खिडकीवरच्या कॉम्प्युटरला जातो आणि मोबाईलवर टोकन नंबर येतो. खिडकीवर पुन्हा सगळं सांगत बसावं लागत नाही.

दुसरा फायदा मोठा आहे, पण तो अजून सगळीकडे मिळत नाही. दवाखाना या यंत्रणेला जोडलेला असेल आणि तिथे तुमचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरून आभाला जोडला असेल, तरच तो ॲपमध्ये दिसतो. डॉक्टरांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी आपोआप तिथे जात नाही. म्हणून कागदांची पिशवी जपाच. शिवाय प्रत्येक कागदाचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. त्याला ॲपही लागत नाही, नेटही लागत नाही.

"आपली सगळी माहिती सरकारकडे जाते का?" असं पुष्कळजण विचारतात. व्यवस्था अशी आहे की रिपोर्ट एका जागी गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तपासणी झाली, तिथेच ते राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते बघायचे असतील तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. कोणते कागद दाखवायचे आणि किती दिवस, हे तुम्ही ठरवायचं. दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. मात्र फोन दुसऱ्याच्या हातात देऊन "तूच दाब रे काय ते" म्हटलं, की या परवानगीला अर्थ उरत नाही.

आभा काढणं सक्तीचं नाही. समोर बसून आशाताई किंवा दवाखान्यातले कर्मचारी नंबर काढून देत असतील, तर ओटीपी आधी वाचा, कशासाठी आलाय ते बघा आणि मग सांगा. पण फोन करून "आभा कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.